ठिणगी पाहणारे अप्पा

श्रीगजाननास आणि वाणीची अधिष्ठात्री भगवती शारदा हिला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त मंगल नाही. आमचे शेजारी गणपतराव, ज्यांना सारे भोर 'वायरलेसअप्पा' म्हणत असे, त्यांना जाऊन येत्या पौषात वर्ष पूर्ण होईल. वर्षश्राद्धाच्या तयारीचे विचारावयास गेलो असता त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "गुरुजी, मंत्रात यांचं नाव येईल, गोत्र येईल. पण माणूस कसा होता, ते कुठं येनार?" विधीत त्याला जागा नाही. ती जागा येथे करीत आहे.

अप्पांना मी प्रथम पाहिले ते आमच्याच माजघरात. विजेवर चालणारा आमचा मोठा रेडिओ एका सकाळी मुका झाला होता. अप्पा आले, रेडिओकडे त्यांनी पाहिलेही नाही, आणि आधी म्हणाले, "खिडक्या लावून घ्या. दार बी वढा." माझ्या मातोश्रींना वाटले, हा कोणी मांत्रिक आहे, त्या उठून परसात तुळशीपाशी जाऊन बसल्या. अंधार झाल्यावर अप्पांनी रेडिओची मागची फळी काढली आणि गाभाऱ्यात डोकवावे तसे ते आत डोकावले. आत काचेच्या लहान लहान नळ्या होत्या. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, हे मला त्या दिवशी समजले. चारांत निरांजनाच्या वातीसारखा तांबूस उजेड होता, पाचवी विझलेली होती. "ह्यो गेला," असे म्हणून त्यांनी ती उपटली आणि खिशातून दुसरी काढून तिच्या जागी रोवली. मग स्क्रूड्रायव्हरचे टोक आतल्या एका तारेवरून पत्र्यावर निसटते घासले. चट् असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, आणि अप्पांच्या मुद्रेवर समाधान पसरले.

"ठिणगी दिसली म्हंजे धुगधुगी हाय. गुरुजी, काच बोलती. बगता आलं पायजे."

त्यांची विद्या ही अशी होती. मोठ्या युद्धाच्या काळात ते पलटणीच्या वायरलेस विभागात होते. परतल्यावर भोरच्या एसटी स्टँडाजवळ त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान मांडले. शरीराने धिप्पाड, मिशा राखलेल्या, आवाज कवायतीच्या मैदानावरचा. बिघडलेल्या यंत्राविषयी ते वैद्याने रोग्याविषयी बोलावे तसे बोलत आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारताना फौजदारासारखे विचारत. चुकल्याचा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. त्या काळी ते चुकतही नसत, म्हणून तो शब्द उच्चारण्याचा सराव त्यांच्या जिभेला कधी झालाच नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ मला तेथे दिसते.

मग ट्रान्झिस्टर आला. ज्या वाड्यांना विजेचा खांब ठाऊक नव्हता, तेथे सेलांवर चालणारा हा लहानसा रेडिओ बोलू लागला. वेल्ह्याच्या बाजूचे लोक भाताच्या खाचरात बांधावर तो ठेवून लावणी करू लागले. खरे तर ट्रान्झिस्टर हे आतल्या वाटाण्याएवढ्या, तीन पायांच्या वस्तूचे नाव. परंतु लोकांनी ते सबंध रेडिओलाच देऊन टाकले. अप्पांना तो आवडला नाही. "ह्यात बगायचं काय? ना उजेड, ना ऊब. जित्ता का मेला, कळायचं कसं?" असे ते म्हणत. तरीही दुरुस्तीला आलेला रेडिओ परत पाठविणे त्यांच्या मानीपणाला साजले नसते. म्हणून व्हॉल्व्हच्या रेडिओला जे करीत तेच ते ट्रान्झिस्टरला करू लागले. स्क्रूड्रायव्हर घासून ठिणगी पाहत, आणि तार सुटली असेल तर शेगडीत लाल केलेल्या जाड तांब्याच्या हत्याराने कथलाचा डाख देत. किरकोळ तक्रार घेऊन आलेले रेडिओ दुकानातून कायमचे मुके होऊन जाऊ लागले. अप्पांपाशी कारण तयार असे. चुलीचा धूर गेला. उंदराने लघवी केली. पोरांनी आपटला. सेलचे पाणी गळले.

त्यांतले शेवटचे कारण एका घरात काय करून गेले, ते आता सांगतो.

बाजाराचा दिवस होता. मी अप्पांच्या दुकानात बाकावर बसलो होतो. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीतून धोंडाबाई नावाच्या वृद्ध बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सुनेचे नाव अनसूया. घरात तिला अनशी म्हणत. धोंडाबाईंचा एकुलता मुलगा सैन्यात, कोठेतरी सीमेवर. त्याने सुट्टीत येताना आईसाठी ट्रान्झिस्टर आणला होता. सीमेवरची बातमी त्या घराला त्यातूनच कळे. तो घरघरू लागला म्हणून पांढऱ्या फडक्यात बांधून, डोंगर उतरून, त्या दोघी भोरला आल्या होत्या.

अप्पांनी रेडिओ उघडला. सवयीप्रमाणे स्क्रूड्रायव्हर फिरवला. इतका वेळ घरघरत का होईना बोलणारा तो रेडिओ एकदम गप्प झाला. अप्पांनी दोन-तीनदा आणखी घासून पाहिले, डाख दिला, फुंकर घातली. मग मान वर न करता म्हणाले, "सेल आतच ठिवून दिलं व्हतं तुमी. पाणी गळून आतलं समदं खाल्लंय. आता ह्यो व्हत न्हाई."

धोंडाबाई सुनेकडे वळल्या. "काय गं? तुला सांगितलं व्हतं न्हवं, वापर न्हाई तवा सेल काडून ठिवत जा म्हनून?"

"आत्याबाई, म्या काडलं व्हतं. रोज काडीत व्हते. फडक्यात गुंडाळून डब्यात ठिवीत व्हते."

"मग हे काय खोटं बोलत्यात व्हय? पलटनीतला मानूस हाय त्यो!"

अनशी अप्पांकडे वळली. डोक्यावरचा पदर एका हाताने घट्ट धरून तिने हळूच विचारले, "अप्पा, नीट बगा की एकदा. म्या काडलं व्हतं हो सेल."

"काडलं असतं तर ह्ये झालं असतं का, बाई?" अप्पा म्हणाले, आणि त्यांनी झाकण लावून टाकले.

दुकानातल्या माणसांपुढे, रस्त्यावर थांबलेल्या लोकांपुढे, धोंडाबाई सुनेला नको नको ते बोलल्या. "नवऱ्याची खबर येत व्हती ती बी तुला बगवली न्हाई," हे त्यांतले एक वाक्य. अनशी रडली नाही. तिने मुका रेडिओ पुन्हा त्याच फडक्यात बांधला, छातीशी धरला आणि सासूच्या मागून चालू लागली.

काही वर्षे गेली. भोरमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून अप्पांचे दुकान चालत राहिले. पण लोक आपले ट्रान्झिस्टर आता पुण्याला नेऊ लागले होते. ते अप्पांच्या कानावर गेले. पलटणीतला त्यांचा एक जुना सोबती पुण्यात रेडिओचे काम करी. "त्याच्याकडं जाऊन येतो. बगू तरी, ही खेळणी कशी नीट व्हत्यात," असे म्हणून ते गेले, आणि चांगले महिना-दीड महिना राहून आले.

जे अप्पा परत आले ते निराळे होते. आवाज खाली उतरला होता. एका दुपारी त्यांनी मला दुकानात बोलाविले, टेबलावर कापसात ठेवलेले दोन-तीन प्रकारचे ट्रान्झिस्टर मांडले आणि शिकवणी दिल्याप्रमाणे समजावून सांगू लागले. आता मला वाटते, ते मला समजावीत नव्हते. स्वतःपुढे काहीतरी मांडून पाहत होते.

"गुरुजी, पाटाचं पाणी बगितलंय न्हवं? पाटात एक फळी घातलेली असती. बोटभर फळी उचलली की मनामनाचं पाणी वावरात. ह्याचं बी तसंच. तीन पाय. एक पाय सोडनारा, एक पाय घेनारा, आन मधला पाय म्हंजे फळी. मधल्या पायाला कणभर वीज द्या, बाकीच्या दोन पायांतून मनभर वाहती. कणाकणाचं वर-खाली व्हनं मनामनानं वर-खाली व्हतं. आकाशातनं आलेला बारका आवाज म्हनून मोठा व्हतो. दुसरं काय बी न्हाई ह्यात."

मग त्यांनी दोन चाली सांगितल्या. एका चालीच्या ट्रान्झिस्टरला मधल्या पायाशी ऋण टोक लागते, दुसऱ्याला धन. बाहेरून दोन्ही दिसतात सारखेच. वीज मोजणाऱ्या मीटरची टोके उलटसुलट लावून पाहावी, सुई कोणत्या बाजूने हलते ते ओळखावे, मगच हात घालावा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बसवला तर सेलच उलटे केल्यासारखे होते. मग दोन जाती सांगितल्या. जुने जर्मेनियमचे आणि नवे सिलिकॉनचे. "जर्मेनियम लई हळवं. जरा दाबलं की उघडतं, पर ऊब सोसत न्हाई. गरम झालं की आपोआप जास्त वाहतं, जास्त वाहिलं की आनखी गरम व्हतं, आन शेवटी सोताच सोताला जाळून घेतं. सिलिकॉनला उघडायला जास्त रेटा लागतो, पर उन्हात टिकतं." डाख देताना जर्मेनियमचा पाय चिमट्यात धरावा लागतो, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, आत शिरत नाही.

रेडिओत प्रत्येकाचे काम निराळे असते, हेही त्यांनी दाखविले. सर्वांत पुढचा, आकाशातली लहर धरणारा, अंगाने नाजूक. कोणाकोणाला चौथा पाय असतो, तो बाहेरच्या पत्र्याच्या टोपीला जोडलेला, म्हणजे परका खरखराट आत येत नाही. मधले तो आवाज पायरीपायरीने चढवितात. आणि अगदी शेवटी, कर्ण्याच्या अलीकडे, एक जोडी. "ह्या दोगी जात्यावर समोरासमोर बसलेल्या बायकांवानी. एक वढती तवा दुसरी ढिली सोडती. एकटीनं वढलं असतं तर दमली असती आन सेल बी खाल्लं असतं. जत्रंतल्या लाउडस्पीकरात ह्याच कामाचे थोरले असत्यात. लोखंडी टोपीचे. त्यांना ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आवळून बसवत्यात, वारा लागावा म्हनून."

मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही तर पुन्हा विद्यार्थी झालात. आनंदाची गोष्ट आहे."

अप्पा हसले नाहीत. "पयल्या दिवशी दोस्तानं एक सेट म्होरं ठिवला. म्या स्क्रूड्रायव्हर घिऊन ठिणगी बगायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं. म्हनाला, 'गणपत, ठिणगी बगशील तर फळीवर धरण फुटंल. मधल्या पायाला सगळी वीज भिडती आन मरतो त्यो.' गुरुजी, त्यानं मनगट धरलं तवा मला ती शांतता आयकू आली. माझ्या हाताखाली रेडिओ गप्प व्हायचा, ती. किती गप्प केले म्या!"

त्यानंतर अप्पा कामाला हात लावीनासे झाले. दुकान उघडत, बसून राहत. अशात वाडीकडचा एक माणूस बाजाराला आला असता अप्पांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "धोंडाबाईंचं कसं काय हाय? मुलगा खुशाल?"

"मुलगा हाय खुशाल. सुट्टीवर आला व्हता. पर बायकोसंगं धड बोलला न्हाई. रेडिओ जाळला न्हवं का तिनं! म्हातारी तर तिला दिव्याला बी हात लावू देत न्हाई. 'हिच्या हातात दिलं की जळतं' म्हनती. बारशाला, हळदीला, कुठं बी ग्येलं तरी तीच गोस्ट. आता तर पोरं बी चिडवत्यात, अनशीनं हात लावला, बंद पडला!"

तो माणूस हसत होता. अप्पांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. सर्व सांगून झाल्यावर म्हणाले, "आता काय करू?" मी माझ्या शिक्षणाप्रमाणे उत्तर दिले. अजाणता घडलेल्या दोषाला शास्त्रात प्रायश्चित्त आहे. एक उपोषण करा, शंकराला अभिषेक करा, मनातील मळ जाईल, असे मी म्हणालो.

अप्पांनी नकारार्थी मान हलविली. "गुरुजी, अजाणता कसलं? रेडिओ म्या अजाणता जाळला. पर पाणी गळल्यालं म्या बघितलं न्हवतं. सेलाखालच्या स्प्रिंगा सोच्छ व्हत्या. ते म्या जाणूनच बोललो." मग म्हणाले, "आन देवाचा रेडिओ न्हाई जाळला म्या. देवाला कशाला पाणी घालू?"

मी मान खाली घातली. शास्त्र खोटे नव्हते. मी ते चुकीच्या दारी नेले होते.

त्या रेडिओत आपण स्क्रूड्रायव्हर कोठे घासला होता ते आठवून पुण्याहून त्यांनी त्याच चालीचा, त्याच जातीचा एक ट्रान्झिस्टर मागविला आणि काड्यापेटीत कापूस घालून त्यात ठेवला. मला म्हणाले, "तुमी चला. एकटा ग्येलो तर वाटंतनं माघारी फिरंन." आम्ही नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्याला उतरलो आणि तोरण्याच्या अंगाने वाडीची वाट धरली. इतका मोठा पलटणीतला गडी. पण वाटेत दोनदा बसला आणि दोन्ही वेळा पायांत काटा नसताना काटा पाहू लागला.

धोंडाबाई अंगणात वाल सोलीत बसल्या होत्या. अनशी गोठ्यात होती. आम्हाला पाहून धोंडाबाईंनी घोंगडे टाकले, सुनेला पाणी आणावयास सांगितले. शेजारची चार माणसे जमली. अप्पांनी पाण्याला हात लावला नाही.

"धोंडाबाई, तुमचा रेडिओ जाळला त्यो म्या. तुमच्या सुनंनं न्हाई. ती म्हनत व्हती ते खरं. तिनं सेल काडलं व्हतं. पाणी गळलं म्हनून मी खोटं बोललो."

मग धोंडाबाईंचे डोळे बारीक झाले. "आता इतक्या वर्सानं? कुनी धाडलं तुमाला? हिच्या भावानं?"

"कुनी न्हाई धाडलं."

"मग आत्ताच कसं सुचलं? अप्पा, मोठ्या मनाचं हाय तुमी. सुनंचा जीव राखाया आलाय. पर खोटं कशाला बोलता म्हातारपनी?"

खोटे बोलले तेव्हा ज्यांच्यावर विश्वास बसला होता, ते खरे बोलत असता त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीना. अप्पांचा चेहरा काळवंडला. "रेडिओ आना," एवढेच ते म्हणाले.

रेडिओ देवघराच्या कोनाड्यात त्याच पांढऱ्या फडक्यात होता. अप्पांनी सर्वांसमक्ष सेलांचे झाकण काढले. आतल्या स्प्रिंगा पितळेसारख्या चकचकीत होत्या. गंजाचा ठिपका नव्हता. "पाणी गळलं असतं तर हितं हिरवं-पांढरं चढलं असतं. बोट लावून बगा." धोंडाबाईंनी बोट लावले. मग शेजारच्या म्हाताऱ्याने लावले. मग दुसऱ्याने. एकामागून एक बोटे त्या स्वच्छ पितळेला लागत होती आणि अप्पा खाली पाहत उभे होते.

त्यांनी मीटर लावून मेलेला ट्रान्झिस्टर शोधला. शेवटच्या जोडीला आवाज पोहोचविणारा, तिच्या अलीकडचा तो होता. बारीक टोकाचे नवे हत्यार चुलीत तापविले. मग म्हणाले, "अनसूयाबाई, हिकडं या. ह्यो चिमटा धरा. ह्याच पायाला. माझा हात हलतो आता. तुमी सोडला तर ह्यो बी जळंल."

"मी नगं," अनशी मागे सरली.

"तुमीच."

तिने चिमटा धरला. अप्पांनी एक पाय डाखला, मग दुसरा, मग तिसरा. तिचा हात तसूभरही हलला नाही. नवे सेल आम्ही बरोबर नेले होते. धोंडाबाईंनी ते उचलले, क्षणभर हातात धरले आणि सुनेपुढे केले. "अनशे, तूच बसव गं."

अनशीने चिमटा खाली ठेवला. "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. तुमीच बसवा," असे म्हणून ती उठली.

रेडिओ बोलू लागला. कोणी बाई शेतीची माहिती सांगत होती. माणसे हसली, पोरे जवळ सरकली. अप्पांनी अनशीपुढे हात जोडले. "माफी मागतो, बाई."

ती पदराला हात पुसत उभी होती. आवाज चढविला नाही, डोळे भरले नाहीत. "अप्पा, रेडिओ तुमी जोडला. तवा म्या म्हनले व्हते, नीट बगा. तवा बगितलं असतं तर? आता ही मधली वर्सं कुठल्या चिमट्यात धरून जोडनार तुमी?"

आम्ही निघालो. उतारावर ते म्हणाले, "बराबर बोलली. मी द्यायला आलो असं समजत व्हतो, गुरुजी. खरं तर घ्यायला आलो व्हतो. माफी घ्यायला. ती तिची व्हती, तिनं ठिवून घेतली."

त्यानंतर अप्पा आठवतील त्या सर्व घरी गेले. भाटघरकडे गेले, सारोळ्याला गेले. कोणी चहा पाजला, कोणी हसले, एकाने दारातूनच परत पाठविले. भोरात कुजबुज झाली. काहींनी दुकानात जाणे सोडले. वहिनींना बाजारात मान वर करून चालणे जड झाले, आणि त्याबद्दल त्या अप्पांवर चिडल्याही. "झाकलं ते झाकलं ऱ्हायलं असतं," त्या म्हणत. "आपल्याला झाकलं ऱ्हायलं असतं," अप्पा म्हणत, "तिला न्हाई."

ते गंभीर झाले, पण खुळे झाले नाहीत. एका जत्रेत मंडळींनी नव्या लाउडस्पीकरच्या यंत्राची पूजा केली आणि सन्मान म्हणून त्यावर शाल पांघरली. अप्पा गर्दीतून वाट काढीत गेले आणि त्यांनी शाल ओढून काढली. सरपंच रागावले. "अवो, सत्कार मानसाचा करा! ह्याला शाल म्हंजे गळफास. जर्मेनियमचं हाय, उकडून मरंल. शाल मला घाला, न्हाईतर गुरुजींना घाला, आन ह्याला वारा घाला." ती शाल अखेर माझ्या अंगावर आली. शेवटच्या काळात त्यांनी पुण्याहून ट्रान्झिस्टरचा आणखी एक नवा प्रकार आणून मला दाखविला. त्याचा मधला पाय वीज जवळजवळ घेतच नाही, नुसत्या दाबाने फळी हलवितो. त्यांनी तो तळहातावर बराच वेळ ठेवला होता. "काय बी न घेता काम करतोय बगा," ते म्हणाले. "आपल्याला नसतं जमलं."

शास्त्रकारांनी लज्जेला सद्गुणांत स्थान दिले आहे. मी ते अनेकदा शिकविले आणि दरवेळी वाटले, लाजेने काय साधते? गेलेले परत येत नाही. अप्पांनाही ते परत आणता आले नाही. त्यांनी एवढेच केले की ती लाज जेथे पडून होती तेथून उचलली. आजवर ती दुसऱ्याच्या डोक्यावर होती, तिला आपल्या डोक्यावर घेतले आणि उतरविण्याची घाई केली नाही.

गेल्या मार्गशीर्षात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. केस पांढरे होऊ लागले होते. मी लगेच ओळखले नाही. अनसूया होती. वेल्ह्याहून आली होती. नवरा आता पेन्शन घेऊन घरी होता, धोंडाबाई गेल्या होत्या. वहिनींनी पाट दिला. ती अप्पांच्या उशाशी बसली. अप्पांनी तिला ओळखले. बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द नीट उमटेना. ओठांवरून मला एवढे कळले की ते पुन्हा माफीच मागत होते.

अनसूयेने त्यांच्या पांघरुणाची सुरकुती सरळ केली. "इसरले न्हाई, अप्पा. खोटं कशाला बोलू? इसरायचं न्हाई ते." मग म्हणाली, "पर आमच्या हितं चुकल्यालं सांगाया डोंगर चढून दुसरं कुनी कंदी आलं न्हाई. ते बी इसरले न्हाई."

अप्पांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे, ठिणगी पाहतानाचा आणि मान खाली घातलेला. त्या दुपारचा चेहरा त्या दोहोंपैकी कोणताच नव्हता. ती त्यांच्याजवळ ऊन कलेपर्यंत बसून राहिली आणि शेवटच्या एसटीने गेली.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, आपल्या घरी धनधान्य असो, लेकी-सुना सुखात असोत, वडीलधारे निरोगी असोत. आपल्या उंबऱ्यात कोणी खालच्या आवाजात 'नीट बघा' म्हणाले, तर ते ऐकण्याइतकी शांतता आपल्या घरात सदैव नांदो, आणि आपल्या हातून जे मोडले ते सांगण्याचे धैर्य भगवंत आपणास वेळेवर देवो. शुभं भवतु.